नजरसम्राटाचा फिल्टर

या, जरा पुढे सरका. तिथे मागे भिंतीला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकेल. एका फोटोने एका बाईला चोर ठरवलं आणि त्याच फोटोने खऱ्या चोराचं मानगूट धरलं, त्याची ही गोष्ट. खुणा सगळ्या तुमच्यासमोर ठेवतो, मुठीत काही लपवत नाही. देवाने दोन डोळे दिलेत ते उघडे ठेवा. या गोष्टीतल्या एका थोर माणसाला वाटायचं की देवाने डोळे फक्त त्यालाच दिलेत. बाकी सगळ्यांना नुसत्या खाचा.

सुरुवात झाली ती एका म्हाताऱ्याच्या आरोळीने.

"पेटी कुठाय? सूनबाई! पेटी कुठाय?"

दुपारभर वीज गेली होती. ती आली, डोक्यावरचा पंखा कुरकुरला, आणि फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत झोपलेले म्हातारे मालक जागे झाले. डोळे चोळत पुढे आले. लोखंडी कपाट सताड उघडं. किल्ली कुलपात लटकलेली. वरच्या कप्प्यातली पत्र्याची पेटी गायब.

पेटीत होत्या निगेटिव्ह. म्हाताऱ्यांच्या मुलाने काढलेल्या. मुलगा फोटोग्राफर होता, ऐन उमेदीत गेला. मागे राहिली त्याची बायको, एक मुलगी आणि ही पेटी. बायको सासऱ्यांचा स्टुडिओ चालवत होती. पेटीतलं काम शहरातल्या कलादालनाने मागितलं होतं. चार दिवसांत त्यांची माणसं येऊन ते नेणार होती.

किल्ल्या दोन. एक म्हाताऱ्यांच्या कमरेला, ती होती तिथेच होती. कुलपात लटकत होती ती सुनेची.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारबाई आल्या. मोटारसायकल लावली, मोबाइल आडवा धरून पत्ता ताडून बघायला गेल्या आणि वैतागल्या.

"हा पुन्हा काळा पडला."

"मॅडम, गॉगल काढा," बरोबरचा हवालदार म्हणाला. "तुमच्या त्या भारीतल्या गॉगलातून मोबाइल आडवा केला की पडदा जातोच. मागच्या आठवड्यातही तुम्ही मला नवा फोन घ्यायला पाठवत होतात."

बाईंनी गॉगल कपाळावर सरकवला. पडदा आला. त्या दुकानाकडे वळल्या.

दुकानाचा दर्शनी भाग म्हणजे सगळी काच. समोरच्या इमारतीची पांढरी भिंत उन्हात लखलखत होती आणि काचेत तीच दिसत होती. आतलं काही म्हणता काही दिसेना. बाईंना दार उघडून आत डोकावावं लागलं.

सूनबाई काउंटरमागे उभी होती. काउंटरवर रस्त्याकडे तोंड केलेला कॉम्प्युटरचा पडदा, गिऱ्हाईकांना नमुने दाखवायला दिवसभर चालू असलेला. मागे कपाट. बाजूला फळी. छताला पंखा.

"काल दुपारी कुठे होतात?"

"वीज गेली तसं पुढचं दार लावलं. विजेशिवाय इथे काय करणार? पोरीला शाळेतून आणायला निघाले. वेळ होता, म्हणून बागेत बसले."

"इन्व्हर्टर नाही?"

"मी म्हटलं होतं घेऊ. बाबा म्हणाले, नखरे."

"बागेत कोणी पाहिलं तुम्हाला?"

"बाकड्यावर एकटी बसलेली बाई कोण बघतं, मॅडम?"

"तुमची किल्ली कुठे असते?"

"त्या फळीवर, लेन्सच्या रिकाम्या डबीत."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. बाबांनाही नव्हतं."

"बाई, तुम्ही स्वतःचाच गळा आवळताय."

"खोटं बोलून सैल होणार असेल तर सांगा."

फौजदारबाईंना हे उत्तर आवडलं. पण आवडणं हा पुरावा नव्हे. त्या म्हाताऱ्यांकडे वळल्या.

"पेटी शेवटची कधी पाहिलीत?"

"काल जेवायला बसण्याआधी. वीज होती तेव्हा. सकाळी हिने धूळ पुसायला काढली होती, ती नीट परत ठेवली का ते मी स्वतः पाहिलं आणि कपाट ओढून बघितलं. मग जेवलो. मग वीज गेली. मी मागे आडवा झालो."

"मागचं दार?"

"उघडं. वाऱ्याला. पण मागून घरचीच माणसं येतात. चोरी घरातच झाली आहे, मॅडम. हिला पेटी द्यायची नव्हती. नवऱ्याची आठवण, नवऱ्याची आठवण, एवढंच चालू होतं." म्हाताऱ्यांचा आवाज चिरकला. "मी सांगून टाकलंय. नात माझी आहे, ती इथे राहील. हिने आपलं सामान बांधावं."

सूनबाईचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा हलला. किल्लीबद्दल, बाकड्याबद्दल तिने सगळं धडधड सांगितलं होतं. "नात" म्हटल्यावर तिने काउंटरची कड घट्ट पकडली.

"तुमचा कोणावर संशय?" बाईंनी तिला विचारलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तिने नुसतं बघितलं. तळ्याचं चित्र होतं. पाणी इतकं निवळ की तळाचे गोटे मोजून घ्यावेत, आणि मागे गडद निळं आभाळ. खाली चित्राच्या निम्म्या आकारात चित्रकाराची सही.

"हे माझ्या नवऱ्याने काढलंय," ती हळूच म्हणाली.

"पुन्हा तेच!" म्हातारे कडाडले. "देवमाणसावर आळ घेते! माझा मुलगा त्यांच्या पायाशी बसून शिकला!"

आता हा देवमाणूस कोण ते सांगायला हवं. शहरातल्या फोटोग्राफी मंडळाचा तो तहहयात अध्यक्ष. लोक त्याला "नजरसम्राट" म्हणत. ही पदवी कोणी दिली असं विचाराल, तर त्याने स्वतःच एका समारंभात स्वतःची ओळख करून देताना ती वापरली आणि चेल्यांनी टाळ्या पिटल्या. अंगात असंख्य खिशांचं जाकीट. खिसे सगळे रिकामे. वर्षातून एखादा फोटो काढी, वर्षभर त्याच्यावर बोले. कुणी पोराने मोबाइलवर सूर्यास्त काढून हौसेने दाखवला तर दोन बोटांनी फोन असा परत करी, जणू त्यात शेंबूड लागलाय. आणि हे सगळं ज्या एका चित्राच्या जिवावर, ते म्हणजे हे तळं.

देवमाणसाचं नाव निघालं आणि देवमाणूस दारात उभा. हातात पाकीट, चेहऱ्यावर दुःख. दुःख अगदी इस्त्री केलेलं.

"मला फार यातना होतायत," सम्राट म्हणाला. "पण कर्तव्य."

पाकिटातून त्याने एक मोठा प्रिंट काढून काउंटरवर ठेवला. फोटो रस्त्यापलीकडून, थोडा बाजूने काढलेला होता. काचेतून आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. उघडं कपाट. त्याच्यासमोर सूनबाई, एका काखेत पत्र्याची पेटी, दुसरा हात फळीवरच्या लेन्सच्या डबीत. काउंटरवरचा कॉम्प्युटरचा पडदा काळाठिक्कर. वर कोपऱ्यात पंख्याची पाती, जराशी धुरकट.

"कधी काढलात?"

"काल दुपारी. इथून चाललो होतो. पडदा बघा ना, काळा आहे. वीज गेली होती तेव्हाचा. म्हणजे तुमच्या चोरीच्याच वेळचा."

म्हाताऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. सूनबाई फोटोकडे बघत राहिली. "ही तर मी सकाळी... धूळ पुसताना..."

"सकाळी पडदा चालू असतो ना गं?" सासरे ओरडले.

"हो," ती म्हणाली.

"कॅमेऱ्यात वेळ असेल की," फौजदारबाई म्हणाल्या.

सम्राट हसला. अडाण्याने देवळात चप्पल घालून यावं आणि पुजाऱ्याने हसावं, तसा. "मॅडम, आम्ही फिल्मवर काम करतो. आकडे छापणारी खेळणी आम्ही वापरत नाही."

"आणि काही फिल्टर वगैरे?"

"चालता चालता काढलेल्या फोटोला कसला फिल्टर? नुसती लेन्स. बाकी नजर."

"आतलं छान दिसतंय."

"नजर, मॅडम. नजर."

बाईंनी फोटो जप्त केला. सम्राट गेला. बाई मग रस्ता ओलांडून, फोटो जिथून काढला होता तिथे जाऊन उभ्या राहिल्या. काचेत पांढरी भिंत लखलखत होती. नुसत्या डोळ्यांना आत अक्षरशः काही दिसत नव्हतं. त्यांनी कपाळावरचा गॉगल उतरवला, त्याची एक काच डोळ्यासमोर धरली. काही फरक नाही. मग गॉगल हळूहळू फिरवत उभा केला. थांबल्या. आडवा केला. पुन्हा उभा केला. आणि गालातल्या गालात हसल्या.

"काय झालं मॅडम?" हवालदाराने विचारलं.

"काही नाही. कोर्टातून एक कागद आणायचाय. आणि उद्या सकाळी मला फोटोग्राफी शिकायची आहे. गुरू ठरलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत सगळे जमले. म्हातारे खुर्चीत. सूनबाई दाराशी, पायाशी सामान भरून गाठ मारलेली एक बॅग. मुलीला तिने शाळेत सोडलं होतं आणि संध्याकाळी आणायला आपण असू की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. हवालदार आला नव्हता. सम्राटाला बाईंनी "तज्ज्ञ म्हणून" बोलावलं होतं, आणि तो शब्द ऐकून तो वेळेआधीच आला होता.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," बाई म्हणाल्या. "तो पोलरायझिंग फिल्टर म्हणतात, तो कधी लावायचा हो?"

झालं. मोरी तुंबलेली असावी आणि एकदम बोळा निघावा.

"अहो, या विषयावर माझी व्याख्यानं आहेत! आभाळ गडद हवं असेल तेव्हा लावावा, पण सूर्य आपल्या डाव्या किंवा उजव्या खांद्याला हवा. सूर्य पाठीशी किंवा समोर असेल तर लावून उपयोग शून्य. ओल्या पानांवरची चकाकी मारायला लावावा. पाण्याच्या पोटातलं बघायला लावावा. काचेवरचं प्रतिबिंब घालवायला लावावा. पण नुसता चढवून भागत नाही, फिरवावा लागतो. अमुक एका जागी आणला की चकाकी गेली! आमच्या मंडळातले गाढव तो चढवतात आणि फिरवायचंच विसरतात."

"आणि कधी लावू नये?"

"उजेड कमी असेल तेव्हा. तो उजेड खातो, मग शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि हलणारी वस्तू पुसट येते. धातूच्या चकाकीवर तो चालत नाही. आणि सरळ समोर उभं राहून काही होत नाही. काच असो, पाणी असो, तिरकंच बघायला हवं. हे लाख वेळा सांगितलंय मी!"

"वा," बाई म्हणाल्या. "आणि ते तळं कसं काढलंत?"

सम्राटाने डोळे मिटले. ही कहाणी त्याने इतक्या वेळा सांगितली होती की त्याचं त्यालाच भरून येई. "काठावर एक उंच सुळका आहे. त्याच्या टोकावर उभा राहिलो. पायाखाली पाणी. सरळ खाली रोखून बघितलं, फिल्टर फिरवला, आणि तळ्याने मला आपलं हृदय दाखवलं."

"सरळ खाली?"

"सरळ खाली."

"सरळ बघून काही होत नाही ना? लाख वेळा सांगितलंत म्हणे. आणि सरळ खाली बघत होतात तर चित्रात मागे आभाळ कुठून आलं?"

सम्राटाने डोळे उघडले. कॅलेंडर समोरच होतं. आभाळही तिथेच होतं.

"तो... तो बोलण्याचा एक प्रकार असतो, मॅडम. कलेत..."

"कला राहू द्या. परवाच्या फोटोकडे येऊ." बाईंनी प्रिंट काउंटरवर ठेवला. "तुम्ही म्हणता, नुसत्या लेन्सने काढला. सगळ्यांनी माझ्याबरोबर बाहेर चला."

सगळे रस्त्यापलीकडे गेले. ऊन तसंच, भिंत तशीच, काचेत भिंतच भिंत.

"बाबा, आत काय दिसतंय?"

"काही नाही," म्हातारे म्हणाले.

"आता हा गॉगल एका डोळ्यासमोर उभा धरा. याच्या काचा त्या फिल्टरच्याच जातीच्या आहेत. जरा फिरवा. थांबा. आता?"

म्हाताऱ्यांचा जबडा खाली आला. "आत... कपाट दिसतंय. फळी दिसतेय. डबीसुद्धा!" मग ते गोंधळले. "सूनबाई, तू कॉम्प्युटर बंद केलास का?"

"नाही बाबा. चालू आहे."

"काळा दिसतोय गं."

"गॉगल आडवा करा," बाई म्हणाल्या.

त्यांनी केला. पडदा एकदम उजळला, काचेतून तेवढा चौकोन अंधूक चमकला आणि बाकी दुकान पुन्हा भिंतीत गडप झालं. म्हातारे लहान मुलासारखे गॉगल उभाआडवा करत राहिले. पडदा मरत होता, जिवंत होत होता.

"या पडद्यातून येणारा उजेड एकाच दिशेला शिस्तीत उभा असतो," बाई म्हणाल्या. "काचेवरून तिरका परत येणारा उजेडही तसाच. भिंतीचं प्रतिबिंब मारायला फिल्टर फिरवला की पडद्याचाही उजेड त्याच्याबरोबर मरतो. वीज असो वा नसो. माझा मोबाइल आडवा केला की मला रोज हेच दिसतं आणि मी रोज फोनवाल्याला शिव्या देते."

"म्हणजे फिल्टर होता," सम्राट घाईघाईने म्हणाला. "असेल. माझ्या लक्षात नाही. पण वीजही गेलेलीच होती!"

"मग पंखा कसा फिरत होता?"

बाईंनी बरोबर आणलेल्या प्रिंटच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पाती धुरकट आहेत. फिल्टरने उजेड खाल्ला, शटर जास्त वेळ उघडं राहिलं, हलणारी वस्तू पुसट आली. तुमचंच व्याख्यान. बाकी सगळं रेखीव, तेवढा पंखाच पुसट. घरात इन्व्हर्टर नाही. म्हणजे वीज होती. वीज होती ती सकाळी, आणि त्यानंतर, जेवायला बसण्याआधी, बाबांनी स्वतः पेटी कपाटात पाहिली. फोटोतली बाई चोरी करत नाहीये. धूळ पुसतेय."

सूनबाई फुटपाथच्या कडेवर बसली.

"आता मला सांगा," बाई सम्राटाकडे वळल्या, "सकाळी, समोरच्या फुटपाथवर, बरोबर तिरक्या जागी, फिल्टर लावून, फिरवून, कोण चालता चालता फोटो काढतं? तुम्ही काचेआड बघायला उभे होतात. ही पेटी कुठे ठेवते, किल्ली कुठे ठेवते. किल्लीची जागा सासऱ्यांनाही माहीत नव्हती. फक्त हिला माहीत होती. आणि ज्याने हा फोटो काढला त्याला! डबीत घातलेला हात तुम्हीच आम्हाला छापून आणून दिलात. दुपारी वीज गेली, ही गेली, बाबा झोपले. तुम्ही मागच्या दाराने घरच्या माणसासारखे आलात. पेटी नेली. मुद्दाम किल्ली कुलपात ठेवली. घरी जाऊन फिल्म धुतली, पडदा काळा दिसला आणि तुम्हाला वाटलं, देवच प्रसन्न झाला."

"पुरावा?" सम्राटाचा आवाज बारीक झाला. "पेटी दाखवा ना. कुठाय पेटी?"

तेव्हाच हवालदाराची गाडी वळणावरून आली. तो उतरला, काखेत पत्र्याची पेटी.

"साहेबांच्या घरी झडतीत, डार्करूममध्ये सापडली, मॅडम. साहेबांनी जाळली नाही. एक निगेटिव्ह तर प्रिंटिंगच्या यंत्रात लावूनच ठेवलेली. नवीन सही टाकायची तयारी असावी."

तर बघा या सम्राटाची अक्कल. ज्या पेटीने आपलं बिंग फुटेल म्हणून चोरी केली, ती पेटी नष्ट करायला त्याचा हात धजेना. कारण त्याच्याकडे स्वतःची चित्रंच नव्हती! पुढच्या वर्षीचं प्रदर्शन त्याला याच पेटीतून काढायचं होतं. चोराला निदान पळायचं कळतं. हा दुसऱ्याच्या घरचं ताट उचलून तिथेच जेवायला बसला, आणि वर मीठ कमी आहे म्हणून तक्रार करायला पोलिसांकडे आला.

बाईंनी पेटी उघडली. एक पट्टी उन्हाकडे धरली आणि म्हाताऱ्यांच्या हातात दिली.

"हे कॅलेंडरवालं तळं ना?"

"तेच," म्हातारे पुटपुटले.

"त्याच्या शेजारची चौकट बघा. तीच पट्टी, न कापलेली."

म्हाताऱ्यांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. उलट्या रंगांत एक तरुण मुलगी तळ्यात गुडघाभर पाण्यात उभी होती. साडी खोचलेली, डोक्यावर कॅमेऱ्याची बॅग धरलेली, उन्हाने डोळे बारीक केलेले, हसत.

"लग्नाला महिनाही झाला नव्हता," सूनबाई फुटपाथवरूनच म्हणाली. "तिथे कुठलाही सुळका नाही. सपाट काठ आहे. वारा थांबायची वाट बघत आम्ही पाण्यात उभे होतो. माझे पाय गारठले तरी हे म्हणत, अजून थोडं, अजून थोडं. एक प्रिंट यांनी मोठ्या कौतुकाने गुरूंना दाखवायला नेला. तो परत आला नाही."

सम्राट काहीतरी बोलायला गेला. "मी त्या मुलाला अमर केलं... माझ्या नावाशिवाय ते चित्र कुणी बघितलं असतं..."

"अहो सम्राट," हवालदार म्हणाला, "ती व्याख्यानं आता आत द्या. तिथे श्रोते उठून जात नाहीत."

मंडळातल्या चेल्यांनी दुसऱ्याच दिवशी सभा घेऊन ठराव केला की आम्हाला पहिल्यापासून संशय होता. टाळ्या त्याच, हात तेच. त्यांच्याबद्दल बोलून मी तोंड विटाळत नाही.

म्हातारे मात्र रस्ता ओलांडून दुकानाकडे परतले. मुलाचं काम त्यांनी परक्याच्या सहीसकट भिंतीवर टांगलं होतं आणि रोज त्याला नमस्कार केला होता. त्यांनी दाराशी पडलेली बॅग उचलली, आत नेली आणि वाकून तिची गाठ सोडू लागले. गाठ सुटेना.

"राहू द्या बाबा," सूनबाई आत येत म्हणाली. आवाजात माया नव्हती, आणि असावी तरी का? "ती मी सोडते. तुम्ही शाळेत जा, पोरीला आणा. आणि येताना तिला तुमच्या तोंडाने सांगा, तिचे बाबा कोण होते ते. मी सांगितलेलं या घरात कोणी ऐकत नाही."

म्हातारे चपला घालून निघाले.

कलादालनात ते तळं आता खऱ्या नावाने लागलंय. सम्राटाला तुम्ही विसरलात तरी चालेल. स्वतःची आठवण काढायला तो एकटा पुरेसा आहे. पण माझी तुम्हाला हात जोडून एक विनंती आहे. कधी निवळ पाण्यात तळाचे गोटे दिसले, तर क्षणभर थांबा, आणि वारा पडायची वाट बघत गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या त्या मुलाची आठवण काढा.